रायपूरचा निवांतपणा

एखाद्या गावाकडे इतिहासकाराचे लक्ष जाते ते बहुधा तेथे काही घडल्यावर. लढाई, तह, बंड, राज्यारोहण यांपैकी काहीतरी घडावे लागते, म्हणजे मग त्या गावाचे नाव ग्रंथात येते. ज्या गावात वर्षामागून वर्षे केवळ पाऊस पडतो, भात पिकतो, तलाव भरतात आणि कचेरी उघडून बंद होते, त्या गावाच्या वाट्याला इतिहास येतो तो जमाबंदीच्या आकड्यांपुरता. छत्तीसगढातील रायपूर पुष्कळ काळ असे गाव होते. २०११ च्या जनगणनेत त्याच्या महानगरपालिका हद्दीतील लोकसंख्या दहा लाखांवर गेली, २००० पासून ते एका राज्याची राजधानी आहे. तेव्हा निवांत, लहान गाव म्हणून रायपूरचे वर्णन केले तर आजचा रायपूरकर हसेल. परंतु १८७२ मध्ये या गावाची वस्ती सुमारे एकोणीस हजार होती आणि १९०१ मध्ये ३२,११४. त्या काळच्या रायपुरात राहणे म्हणजे काय होते, विशेषतः नागपूरकडून येऊन तेथे स्थिरावलेल्या मराठी घरांना ते कसे मानवले आणि त्याची किंमत त्यांनी कोणत्या नाण्यात मोजली, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. माधवराव सप्रे यांचे आयुष्य या प्रश्नाला ज्या प्रकारे भिडले, त्यामुळे तो वाङ्मयेतिहासाचाही प्रश्न ठरतो.

गाव जुने आहे. रायपूरच्या हैहयवंशी शाखेचा राजा ब्रह्मदेव याच्या काळातील शिलालेख विक्रम संवत् १४५८ म्हणजे इ. स. १४०२ चा असून, त्यात खारून नदीच्या काठी हाजिराज नायकाने बांधलेल्या हाटकेश्वराच्या देवळाचा उल्लेख आहे. किल्ला आणि बूढा तलाव ही त्यानंतरच्या शतकातील कामे मानली जातात. किल्ला कधीच पडून गेला. तलाव मात्र राहिला, आणि त्याच्या मागोमाग इतर तलाव आले : महाराजबंध, तेलीबांधा, कंकाली तलाव, राजातलाव. कंकाली तलाव कृपालगीर महंताने दगडात बांधून काढला. महाराजबंध नागपूरच्या भोसल्यांच्या अमदानीतील एका इजारदाराने बांधला. तेलीबांध्याचे नावच त्याचा कर्ता कोणत्या जातीचा होता ते सांगते. राजा, गोसावी, महसुलाचा ठेकेदार आणि तेली व्यापारी या चौघांनाही गावात आपले नाव मागे ठेवावयाचे झाले तेव्हा तलाव खणावासा वाटला, यावरून त्या गावाच्या स्वभावाची काही कल्पना येते. रायपूरच्या दिवसाला आकार होता तो या तलावांचा. पहाटेचे स्नान, धुणे, गुरांचे पाणी, मूर्तींचे विसर्जन, मयताची आंघोळ, सारे तलावावर होई. आणि कोण कोणाशी बोलते, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाची लेक माहेरी येऊन किती दिवस झाले, ही वार्ताही तेथेच कळे. वर्तमानपत्र नसलेल्या गावात तलावाचा घाट त्याचे काम करतो.

मराठे या मुलखात आले ते बंगालच्या वाटेवर. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजेपुढे रतनपूरचा रघुनाथसिंह शरण गेला. रायपूरच्या शाखेचा अमरसिंह आणखी काही वर्षे टिकला. त्याच्या मुलाच्या, शिवराजसिंहाच्या हातून हा मुलूख १७५७ च्या सुमारास गेला आणि पहिल्या रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगढाचा कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये बिंबाजी निवर्तले. दसऱ्याला एकमेकांना सोने म्हणून पाने देण्याची चाल छत्तीसगढात त्यांच्यामुळे आली असे तेथील परंपरा सांगते. त्यांच्यामागे नागपूरहून सुभे नेमले जाऊ लागले, आणि सुभ्यांबरोबर आला तो मराठी कारकून. कमाविसदार, फडणीस, बडे कारकून, बरारपांडे ही परगण्याची उतरंड होती. तिच्यातील पुष्कळ माणसे घाटावरून किंवा नागपूरकडून आलेली, मोडी लिहिणारी, आणि परत जाण्याच्या बेताने आलेली होती. त्यांच्यातील अनेकजण परत गेले नाहीत. तात्यापारा या मोहल्ल्याच्या नावात त्यांची एक खूण राहिली आहे. 'पारा' हा छत्तीसगढी शब्द, म्हणजे आळी. 'तात्या' हे मराठी घरातील संबोधन. दोन भाषांची अशी सांधेजोड कोणत्याही ताम्रपटात सापडणार नाही.

या कारकुनी राज्याचे गुणगान करण्याचे कारण नाही. सुभा बहुधा नागपुरास रक्कम भरण्याच्या बोलीवर आलेला असे, आणि ती रक्कम गावटियांमार्फत शेवटी भाताच्या खाचरातूनच निघे. १७९५ मध्ये या प्रदेशातून गेलेल्या कॅप्टन ब्लंट याने रतनपूर हे ओस पडत चाललेले गाव म्हणून नोंदले. रायपूर मात्र वस्ती आणि व्यापार या दोन्ही दृष्टींनी त्याला पहिल्या क्रमांकाचे वाटले. त्याने तेथे तीन हजार झोपड्या मोजल्या आणि किल्ल्याचे तट ढासळलेले, खंदक मात्र खोल व रुंद असल्याचे पाहिले. धान्य बाहेर नेणाऱ्या बैलांची संख्या त्याने एक लाखाच्या घरात सांगितली आहे. बैलांचे तांडे गावाबाहेर उतरत, गोणी भरून निघून जात, आणि धूळ खाली बसली की गाव पुन्हा पूर्वीसारखे होई. १८१८ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचा कारभार हाती घेतला तेव्हा छत्तीसगढचे ठाणे रतनपूरहून रायपुरास हलले. कर्नल अॅग्न्यू याने १८२५ पर्यंत तेथून कारभार पाहिला. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये कायमचा गेला. सत्ता तीनदा बदलली. दप्तरातील माणसे बरीचशी तीच राहिली असावीत, कारण परगण्याचा हिशेब समजणारी दुसरी माणसे गावात नव्हती.

निवांतपणाचा भंग झाला तो १८५७ मध्ये. सोनाखानचा जमीनदार नारायणसिंह याने आदल्या वर्षीच्या दुष्काळात कसडोलच्या व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून ते भुकेल्या रयतेस वाटले होते. त्याला रायपुरात १० डिसेंबर १८५७ रोजी फाशी देण्यात आली. पुढच्या महिन्यात हनुमानसिंह नावाच्या शिपायाने मेजर सिडवेलला त्याच्या घरात ठार केले. हनुमानसिंह सापडला नाही, पण त्याच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारी १८५८ रोजी फासावर चढविले गेले. त्यानंतर रायपूर फार दिवस शांत राहिले. लहान गावाच्या शांततेला सात्त्विक मानण्याची वाङ्मयात रूढी आहे. तिच्यातील काही भाग भयाचा असतो, हे ती रूढी विसरते.

१८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. रायपूर नागपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर. पण मधल्या साल्हेकशाच्या जंगलातून बैलगाडीने यावयाचे तर पंधरवडा मोडे. १८७७ मध्ये कलकत्त्याचे एक वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास येऊन राहिले. मागाहून त्यांचे कुटुंब नागपूरपर्यंत आगगाडीने आणि पुढे बैलगाडीने आले. त्या गाडीत त्यांचा मुलगा नरेंद्रनाथ होता. वाटेत दोन डोंगरांच्या कड्यांमध्ये वरपासून खालपर्यंत लोंबणारे मधमाश्यांचे प्रचंड मोहोळ पाहून त्या मुलाचे भान हरपले, ही आठवण पुढे स्वामी विवेकानंदांच्या चरित्रकारांनी जपली. रायपुरात तो सुमारे दोन वर्षे राहिला. शाळेत न जाता वडिलांपाशी शिकला, त्यांच्याकडे येणाऱ्या मंडळींचे वादविवाद ऐकले, बुद्धिबळ खेळला. कलकत्त्याच्या मुलाला अशी दोन मोकळी वर्षे कलकत्त्यात मिळाली नसती. बूढा तलावाला आता त्याचे नाव आहे.

पाहुण्याला जे वर्ष मोकळे वाटते ते रहिवाशाला भरलेले असते. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा, पुरानी बस्ती या आळ्यांतील मराठी घरांचे वर्ष सणांनी मोजले जाई, आणि ते सण शेजाऱ्यांच्या सणांशी अर्धे जुळत, अर्धे जुळत नसत. श्रावणी अमावास्येला मराठी घरात पोळा, बाहेर 'पोरा'. नागपूरकडील तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल ओढतात. छत्तीसगढी मुलांच्या हातात त्या दिवशी मातीचा नंदिया बैल असतो, आणि मुलींना भातुकलीसाठी मातीची जाती व भांडी मिळतात. तीन दिवसांनी हरतालिका. त्याच तिथीला छत्तीसगढी घरांतून 'तीजा'. मराठी सुवासिनी सासरीच उपास करी. छत्तीसगढी लेक त्यासाठी माहेरी येई, आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाऊन व्रताला बसे. एकच व्रत, एकच दिवस, पण एकीला माहेराची वाट मोकळी आणि दुसरीचे माहेर नागपूर-वर्ध्याकडे, पंधरा दिवसांच्या अंतरावर. रायपूरच्या मराठी घरातील सुनेने शेजारणीच्या अंगणात दरवर्षी हे पाहिले असणार. पुरुषाला कचेरी होती, पेन्शनरांची बैठक होती. निवांत गावातील खरे एकटेपण घरातील परगावच्या बाईच्या वाट्याला आले, आणि तिने त्याबद्दल काही लिहून ठेवले नाही.

तिची भाषाही बदलत गेली. दारात भाजी घेऊन येणाऱ्या मरारिणीशी, पाणी भरणाऱ्या केवटिणीशी, धान कांडणाऱ्या बाईशी तिला छत्तीसगढीतच बोलावे लागे. मुले रस्त्यावर छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि जेवताना मराठी बोलत. नागपूर, वर्धा, चांदा या जिल्ह्यांत शाळा-कचेरीची देशी भाषा मराठी होती. छत्तीसगढात ती हिंदी राहिली. 'करून राहिला', 'जाऊन राहिली' अशी नागपुरी मराठीची वळणे पुणेकरांच्या थट्टेचा विषय झाली, पण ती हिंदीच्या शेजाराची खूण आहे. रायपुरात हा शेजार घरातच शिरला. मोडी वाचणारी शेवटची पिढी गेली तेव्हा अनेक घरांतील जुनी दप्तरे घरच्यांनाच अपठनीय झाली असतील. लिपी मरण्याला शहराचा गोंगाट लागत नाही, ती निवांत माळ्यावरही मरते.

अशाच परिस्थितीत माधवराव सप्रे घडले. त्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठी घरात झाला. बालपण बिलासपुरात गेले, पुढील शिक्षण रायपूरच्या शाळेत झाले, आणि तेथील नंदलाल दुबे या शिक्षकांमुळे हिंदी लेखनाची गोडी लागली. १८९८ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए. झाले. त्या काळच्या पदवीधराला सरकारी जागा मिळणे कठीण नव्हते. त्यांनी ती घेतली नाही आणि पेंड्रा या संस्थानवजा जमीनदारीत राजकुमारांना शिकविण्याचे काम पत्करले. त्या पगारातून शिल्लक टाकून जानेवारी १९०० मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात रामराव चिंचोलकर त्यांचे सहकारी होते आणि प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. सप्रे, चिंचोलकर, लाखे : तिन्ही आडनावे मराठी, मासिक हिंदी, आणि नाव छत्तीसगढचे.

या योगायोगाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. १९०० मध्ये मराठीत नियतकालिकांना तोटा नव्हता. 'केसरी' होता, 'विविधज्ञानविस्तार' होता. नागपूरही फार दूर राहिले नव्हते, कारण १८८८ पर्यंत आगगाडी रायपुरास पोचली होती. मराठीत लिहिले असते तर वाचक तयार होता, पण तो पुण्या-नागपुरास होता. ज्या गावात सप्रे राहत होते त्या गावाला त्यातील अक्षरही कळले नसते. आणि त्या वर्षी त्या गावाभोवती काय चालले होते? १८९६-९७ च्या दुष्काळातून उठतो न उठतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला, आणि रायपूर जिल्हा त्यात फार होरपळला. दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडीत असताना सुशिक्षिताने ज्यांच्यामध्ये राहावयाचे त्यांची भाषा सोडून ज्यांच्यामधून आपण आलो त्यांच्या भाषेत लिहावे काय, हा निवड करण्याचा प्रश्न होता. सप्रे यांनी शेजाऱ्यांची भाषा निवडली. मातृभाषेवरील प्रेम त्यामुळे कमी झाले असे मानण्यास आधार नाही. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी आपण महाराष्ट्रीय असल्याचे स्पष्ट सांगितले आणि हिंदीविषयीचा आपला अभिमान कोणाही हिंदी भाषिकाहून उणा नाही असेही म्हटले.

'छत्तीसगढ मित्र' तीन वर्षे चालले. छपाई प्रथम रायपुरात आणि पुढे नागपुरास होत असे, वर्गणीदार थोडे, तोटा नक्की. १९०२ च्या अखेरीस ते बंद पडले. त्याच्या १९०१ च्या एका अंकात सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही लहानशी गोष्ट आली. जमीनदाराला आपल्या हवेलीचे आवार एका विधवेच्या झोपडीपर्यंत वाढवावयाचे असते. तो वकिलांच्या जोरावर झोपडी घेतो. ती बाई चुलीसाठी आपल्या जुन्या घरची टोपलीभर माती मागते, आणि ती टोपली उचलताना त्याच्या लक्षात येते की हे ओझे आपल्याला पेलणारे नाही. हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात या गोष्टीचे नाव नेहमी घेतले जाते. तो वाद हिंदीच्या अभ्यासकांनी सोडवावा. येथे महत्त्वाचे एवढेच की निवांत गावात अन्याय कसा होतो हे तिच्यात अचूक दिसते. आरडाओरडा नाही, लाठी नाही. शेजारच्या कुंपणाची रेघ कागदावर थोडी पुढे सरकते.

सप्रे यांनी पुढे नागपूर गाठले. १९०६ मध्ये हिंदी ग्रंथमाला आणि १३ एप्रिल १९०७ पासून 'हिंदी केसरी'. टिळकांचा शब्द हिंदी भाषिकांपर्यंत नेण्याचे काम त्यांनी मन लावून केले, आणि २२ ऑगस्ट १९०८ रोजी, टिळकांना मंडालेची शिक्षा होऊन महिना झाला असता, राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. त्याच सुमारास 'देशसेवक'चे अच्युत बळवंत कोल्हटकर हेही पकडले गेले. यापुढचा प्रसंग सप्रे यांचे चरित्रकार टाळीत नाहीत, आणि टाळूही नये. थोरल्या बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे वाकून माधवरावांनी सरकारकडे माफी लिहून दिली आणि ते सुटले.

माफी देणारे ते एकटे नव्हते. त्यांनी ती स्वतःला कधी माफ केली नाही, एवढेच त्यांचे वेगळेपण. ते वर्धा भागातील हनुमानगडावर श्रीधर विष्णू परांजपे या रामदासी सत्पुरुषाकडे गेले, मधुकरी मागून राहिले, 'दासबोधा'ची पारायणे केली. आणि मग ते रायपुरास परतले. पुणे, मुंबई, कलकत्ता अशा ठिकाणी पडलेला माणूस गर्दीत नाहीसा होऊ शकतो. रायपुरात ते शक्य नव्हते. तेथे ज्या घाटावर स्नानाला जावयाचे त्या घाटावर प्रत्येकाला सारे ठाऊक. कोणी बोलणार नाही, पण न बोलण्याची रीत लहान गावात फार धारदार असते. तरीही ते तेथेच राहिले, म्हणून त्यांचा रायपूरमधील काळ आश्रयाइतकाच प्रायश्चित्ताचाही म्हणावा लागतो. त्यांनी रामदासी मठ चालविला, १९१२ मध्ये जानकीदेवीच्या नावाने मुलींची शाळा काढली, आणि टेबलाशी बसून एकामागून एक मराठी ग्रंथ हिंदीत आणले : समर्थांचा 'दासबोध', टिळकांचे 'गीतारहस्य', चिंतामण विनायक वैद्य यांचा महाभारतावरील उपसंहार.

'गीतारहस्या'च्या हिंदी अनुवादाच्या प्रस्तावनेखाली स्थळ आहे श्रीसमर्थ रामदासी मठ, रायपूर, आणि तिथी आहे देवशयनी एकादशी, संवत् १९७३. म्हणजे १९१६ ची आषाढी. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी जो ग्रंथ मराठीत लिहिला, तो तुरुंगातून माफी लिहून बाहेर आलेल्या माणसाने एका निवांत गावातील मठात बसून हिंदीत उतरविला. कर्मयोगाचा तो प्रचंड ग्रंथ शब्दाशब्दाने पुन्हा लिहिताना त्यांच्या मनात काय चालले असेल याची त्यांनी वाच्यता केलेली नाही. अनुवाद नेटका आहे. अनुवादक त्यात कोठे पुढे येत नाही. पुढे अनेक पिढ्यांच्या हिंदी वाचकांनी टिळक वाचले ते या रायपुरी हिंदीतून. सप्रे २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच वारले. हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यांना मानाचे पान आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांचे नाव क्वचितच आढळते. ज्याने मराठीतून इतके बाहेर नेले त्याला मराठीने आपल्या हिशेबात धरू नये, ही आपल्या वाङ्मयेतिहासाची दृष्टी भाषेच्या कुंपणाआड किती थांबते त्याची साक्ष होय.

लाखे यांचा मार्ग निराळा, पण त्याच मातीतला. ते वकील, गावातच राहणारे. १९१३ मध्ये त्यांनी रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. सरकारने दिलेली रायसाहेब ही पदवी १९२० मध्ये असहकाराच्या वेळी परत केली. सावकाराशिवाय ज्याला दुसरे दार नव्हते त्या शेतकऱ्यासाठी बँक काढणे हे निवांत गावात केलेले सर्वांत उद्योगी काम म्हटले पाहिजे. तिच्याबद्दल कोणी पोवाडा रचला नाही.

सप्रे गेले त्यानंतर बत्तीस वर्षांनी दुसरा एक मराठी घरातील हिंदी लेखक याच मुलखात आला. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये नागपूर सोडून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले. राजनांदगाव हे रायपूरहून सुमारे सत्तर किलोमीटरवरचे त्याहूनही लहान गाव. महाविद्यालय जुन्या संस्थानिकांच्या वाड्यात, एका बाजूला राणीसागर, दुसऱ्या बाजूला बूढासागर, आणि मुक्तिबोधांचे बिऱ्हाड त्याच वाड्याच्या एका भागात, चक्राकार जिन्याच्या वर. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि कादंबरीकार. एकाच घरातून दोन भाषांची दोन वाङ्मये निघाली. नागपूरच्या वृत्तपत्रीय धकाधकीत जे निसटत होते ते राजनांदगावात मुक्तिबोधांच्या हाती लागले. 'अंधेरे में' या दीर्घ कवितेला अखेरचे रूप येथे मिळाले. मात्र ती कविता वाचून कोणी तिच्यात तलावकाठची शांती शोधू नये. तिच्यात रात्री रस्त्यावरून निघणारी मिरवणूक आहे, लष्करी अंमल आहे, पाठलाग आहे. निवांत गावातील माणसाला दूरच्या शहराचा गोंगाट कधीकधी शहरवासीयापेक्षा स्पष्ट ऐकू येतो. १९६२ मध्ये त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली; तो घाव त्यांनी याच वाड्यात सोसला. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

मुक्तिबोध राजनांदगावास आले तोवर एक मोठा बदल होऊन गेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि रायपूर भोपाळची राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिले. सुमारे दोनशे वर्षे रायपूरची दोरी या ना त्या रूपाने नागपूरशी बांधलेली होती : आधी भोसल्यांचा दरबार, मग चीफ कमिशनरची कचेरी, नंतर उच्च न्यायालय. ती एका दिवसात तुटली. रायपूरचा वकील आता जबलपूरला जाऊ लागला, कारकुनाची बदली भोपाळ-इंदूरकडे होऊ लागली. मराठी घरांच्या सोयरिकी मात्र नागपूर-अमरावतीकडेच राहिल्या. सरकार एकीकडे आणि मामाचे घर दुसरीकडे, अशी त्यांची स्थिती झाली. अशा वेळी भाषा जपण्याचे काम घरावर आणि मंडळावर येऊन पडते. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे. गणपती, नाटक, हळदीकुंकू, वाचनालय या वाटांनी परप्रांतांतील सर्वच मराठी मंडळांनी मराठी टिकवून धरली, तशी त्यानेही धरली. त्या मराठीत लेखक किती झाले असे विचारणे अन्यायाचे होईल. मुलांनी आजीशी बोलावे एवढाच तिचा हेतू होता आणि तो बराचसा साधला.

बूढापाऱ्यात तलावाजवळ एक जुनी शाळा आहे. लॉरी म्युनिसिपल हायस्कूल हे तिचे पूर्वीचे नाव. १९२३ मध्ये रायपुरात जन्मलेले हबीब तन्वीर याच शाळेतून मॅट्रिक झाले, पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले, मुंबई-दिल्ली-लंडन पाहून आले, आणि शेवटी त्यांनी आपले नाटक उभे केले ते छत्तीसगढी खेड्यांतील नाचा कलावंतांना घेऊन, त्यांच्याच बोलीत. शाळेला आता माधवराव सप्रे यांचे नाव आहे. १ नोव्हेंबर २००० नंतर तिच्यासमोरचा रस्ता राजधानीचा रस्ता झाला. मंत्रालय पुढे गावाबाहेर नव्या नगरात गेले, पण वाहने गेली नाहीत. बूढा तलाव एके काळी जवळजवळ चौरस मैलभर पसरला होता. सुधारणांच्या नावाखाली एकोणिसाव्या शतकापासूनच तो आक्रसत आला. उरलेल्या पाण्यात मधोमध विवेकानंदांचा बसलेला पुतळा आहे, काठाने बाग आणि दिवे आहेत, आणि शाळा सुटली की मुले त्या बाजूने आरडाओरडा करीत घरी जातात. त्यांच्यात मराठी आडनावाची मुलेही असतात. मित्रांशी ती बोलतात ती हिंदी, आणि तिच्यात अधूनमधून एखादा छत्तीसगढी शब्द येतो.